उद्याचं इंग्रजीत सांगताना: ‘विल’, ‘गोइंग टू’ की नुसतं ‘गोइंग’?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही हिंजवडीत नोकरी करता आणि लंडनच्या टीमशी रोज कॉल असतो. “पुढच्या महिन्यात मी लंडनला जाणार आहे” हे सांगायची वेळ आली की “आय विल गो”, “आय ॲम गोइंग टू गो”, “आय ॲम गोइंग” आणि “आय गो” अशी चार रूपं एकदम डोक्यात येतात आणि ऐन वेळी जीभ अडखळते. शाळेत तर भविष्यकाळ म्हणजे ‘शॅल-विल’ एवढंच शिकवलं होतं. मग बरोबर कोणतं?

आधी उत्तर देते, कारणं मग. तिकीट काढलंय, तिकडच्या लोकांशी तारखा ठरल्यात, तर “आय ॲम गोइंग टू लंडन नेक्स्ट मंथ”. जायचं मनाशी पक्कं आहे, पण अजून तिकीट नाही, व्हिसा नाही, तर “आय ॲम गोइंग टू गो”. “आय गो” हे फक्त कार्यक्रमाचा कागद हातात धरून वाचल्यासारखं सांगताना चालतं: तीन तारखेला लंडन, चारला मीटिंग, सहाला परत. आणि “आय विल गो” या ठिकाणी सगळ्यात कमी बसतं. आपण मात्र तेच सगळ्यात जास्त वापरतो.

मी बावीस वर्षं पुण्यात इंग्रजी संभाषण शिकवते. संध्याकाळी टिळक रोडवर क्लास आणि दिवसा कंपन्यांमधल्या बॅचेस. इतक्या वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. मराठी माणसाला हा फरक नव्याने शिकावा लागत नाही, कारण तो हा फरक दिवसभर मराठीत करतच असतो. घोटाळा शाळेतल्या भाषांतराच्या तक्त्याने केला. ‘जाईन’, ‘जाणार’, ‘जाणार आहे’ या सगळ्यांसमोर त्याने एकच ‘विल’ लिहिलं, आणि आपल्या कानाला जे कळत होतं ते आपण इंग्रजीत शिरताना दाराबाहेर ठेवून आलो.

मराठीत क्रियापदालाच भविष्यकाळाचा प्रत्यय लागतो: जाईन, जाशील, जाईल. इंग्रजी क्रियापदाला असा प्रत्यय नाही. ‘प्ले’चं ‘प्लेड’ होतं, पण ‘उद्या खेळेन’साठी ‘प्ले’च्या अंगावर काहीच चढत नाही. म्हणून इंग्रजीने इकडून तिकडून शब्द आणून काम भागवलं. ‘विल’ हे मुळात ‘इच्छा असणे’ या अर्थाचं क्रियापद. ‘गोइंग टू’ म्हणजे खरोखर एखाद्या कामाकडे चालत निघणं. आणि “आय ॲम मीटिंग हिम टुमॉरो” हा तर सरळ चालू वर्तमानकाळ, जणू भेटीला सुरुवात झालीच आहे. या रूपांना आपापल्या मूळ अर्थाचा रंग अजून आहे. त्यामुळे ‘घटना किती दिवसांनी आहे’ हा प्रश्न इथे फारसा कामाचा नाही. ‘बोलताना ती गोष्ट किती ठरलेली आहे’ हा प्रश्न कामाचा आहे. दहा वर्षांनंतरच्या गोष्टीलाही ‘गोइंग टू’ चालतं आणि दहा सेकंदांनंतरच्या गोष्टीला ‘विल’ लागतं.

ते दहा सेकंदांचं आधी बघू, कारण सगळ्यात जास्त चुका तिथे होतात.

दारावरची बेल वाजते. आई स्वयंपाकघरातून म्हणते, “कोण आहे बघ गं.” तुम्ही काय म्हणता? “बघते.” ‘बघीन’ नाही, ‘बघणार आहे’ तर नाहीच. जागच्या जागी ठरवलेल्या गोष्टीला मराठीत साधा वर्तमानकाळ येतो: मी करते, मी आणतो, थांबा मी देते, बिल मी भरतो. आता हेच शब्दशः इंग्रजीत गेलं की “आय ब्रिंग” किंवा “आय ॲम ब्रिंगिंग” होतं, आणि दोन्ही चुकतात. या ‘बघते’, ‘आणतो’, ‘देते’चं इंग्रजी “आय'ल” आहे. “आय'ल गेट इट.” “आय'ल पे.” पूर्ण ‘आय विल’ही नाही, आखडलेलं ‘आय'ल’. पूर्ण ‘विल’वर जोर दिला की त्यात निर्धार किंवा हट्ट ऐकू येतो.

एका बॅचमधल्या मुलाने सांगितलेला प्रसंग मी दर वर्षी वर्गात सांगते. कॉलवर तिकडच्या मॅनेजर बाईंनी विचारलं, ती फाईल पाठवता का? हा मोठ्या उत्साहाने म्हणाला, “येस, आय ॲम गोइंग टू सेंड इट.” बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “ओह, यू वेअर ऑलरेडी प्लॅनिंग टू?” त्याला वाटलं, आपलं काय चुकलं? चुकलं एवढंच, की ‘गोइंग टू’ने त्याने सांगितलं, ‘हे माझं आधीच ठरलं होतं’. मग आधीच का नाही पाठवली, असा प्रश्न ऐकणाऱ्याच्या मनात आपोआप येतो. मराठीत तो “हो, पाठवतो” म्हणाला असता, “हो, पाठवणार आहे” म्हणाला नसता. “पाठवणार आहे” कानाला कसं लागतं बघा: जरा चिडल्यासारखं, ‘मला माहीत आहे, आठवण करू नका’ असं. इंग्रजीतही तेच लागतं. विनंतीला होकार द्यायचा असेल, मदत देऊ करायची असेल, वचन द्यायचं असेल, तर “आय'ल”.

उलट दिशेची चूकही तितकीच होते. शुक्रवारी कोणी विचारतं, शनिवार-रविवारी काय? आपण म्हणतो, “आय विल गो टू सिंहगड.” ऐकणाऱ्याला वाटतं, हिने हे आत्ता, माझ्या प्रश्नानंतर ठरवलं. मराठीत आपण म्हणतो, “सिंहगडावर जातेय” किंवा “सिंहगडावर जाणार आहे”. पहिल्याचं “आय ॲम गोइंग टू सिंहगड”, दुसऱ्याचं “आय ॲम गोइंग टू क्लाइंब सिंहगड”. ‘जातेय’मध्ये बरोबरीच्या मैत्रिणी ठरल्यात, पहाटे किती वाजता स्वारगेटला भेटायचं ते ठरलंय. ‘जाणार आहे’मध्ये निदान तुमच्या मनाने ठरवलंय. चालू वर्तमानकाळ आणि ‘गोइंग टू’ यांतली सीमा पुसट आहे आणि बहुतेक वेळा दोन्ही चालतात. तिथे अडून बसू नका. मी शिकवताना एवढंच विचारते: दुसऱ्या कोणाच्या डायरीत हे लिहिलेलं आहे का? असेल तर चालू वर्तमानकाळ घ्या आणि ‘टुमॉरो’, ‘ऑन मंडे’ असा काळ सांगणारा शब्द जोडा, नाहीतर ‘आत्ता चाललंय’ असा अर्थ होईल.

‘णार’ आणि ‘गोइंग टू’ किती जुळे आहेत, हे पाहायचं असेल तर दोघांना भूतकाळात ढकलून बघा. “मी तुला फोन करणार होते, पण राहिलं.” “आय वॉज गोइंग टू कॉल यू.” ‘आहे’चं ‘होते’ झालं, ‘ॲम’चं ‘वॉज’ झालं, बाकी काही हललं नाही. ‘करीन’ला असं ‘होते’ जोडताच येत नाही. वर्गात हे फळ्यावर एकाखाली एक लिहिलं की मुलांचे चेहरे उजळतात, आणि त्यानंतर ‘गोइंग टू’ त्यांना परकं वाटत नाही.

मग ‘जाईन’चं काय? त्याला ‘विल’ म्हणावं का? इथे जपून. कोणी वास्तुशांतीचं बोलावणं केलं आणि तुम्ही म्हणालात, “येईन,” तर घरची बाई तुमचं पान धरेलच असं नाही. “येणार आहे” म्हणालात तर धरेल. आपल्या ‘येईन’मध्ये ‘जमलं तर’ दडलेलं असतं. इंग्रजीत “आय'ल बी देअर” हे मात्र पक्कं वचन आहे. ते देऊन गेला नाहीत तर लोक वाट बघतील. म्हणून मोघम ‘येईन’साठी “आय'ल ट्राय टू कम”, “आय'ल प्रॉबब्ली कम” किंवा “आय माइट कम” म्हणा. तुमच्यासारख्या परदेशी टीमबरोबर काम करणाऱ्यांनी हे फार मनावर घ्यायला हवं. “आय विल डू इट बाय ट्यूसडे” हे आपल्याला ‘करीन मंगळवारपर्यंत’ इतकं सैल वाटतं. पलीकडचा माणूस मंगळवार लिहून ठेवतो.

अंदाजाच्या बाबतीत मात्र मराठी आणि इंग्रजी अगदी हातात हात घालून चालतात. खडकवासल्याच्या बाजूने काळंभोर आभाळ चढून आलंय, आपण म्हणतो, “पाऊस येणार.” “इट्स गोइंग टू रेन.” पुरावा समोर आहे. एप्रिलमध्ये घरात बसून मत द्यायचं तर “यंदा पाऊस चांगला होईल”, “आय थिंक इट'ल बी अ गुड मॉन्सून”. यात फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. एवढंच, की “इट इज रेनिंग टुमॉरो” म्हणू नका. पावसाशी कोणी वेळ ठरवून घेत नाही.

आता नकार. याबद्दल सविस्तर लिहिते, कारण यातून नाती बिघडलेली मी पाहिली आहेत.

रोजच्या मराठीत ‘येईन’ आणि ‘येणार आहे’ या दोघांचा नकार एकच होतो: “येणार नाही.” होकारात असलेला फरक नकारात पुसला जातो. त्यामुळे आपण इंग्रजीत सरसकट ‘वोन्ट’ घेतो. “आय वोन्ट अटेंड द कॉल ऑन मंडे.” बोलणाऱ्याला सांगायचं असतं की सोमवारी माझी रजा आहे. पण इच्छेतून आलेल्या ‘विल’चा नकार म्हणजे अनिच्छा, आणि थोडा जोर पडला की ते थेट ‘मी येणार नाही म्हणजे नाही’ होतं. चावी फिरवूनही गाडी सुरू होत नसेल तर इंग्रज म्हणतो, “द कार वोन्ट स्टार्ट”, जणू गाडीच ऐकत नाहीये. अनोळखी माणसाला आपला ‘वोन्ट’ तसाच ऐकू येऊ शकतो. माझ्या एका विद्यार्थिनीने रजेच्या ईमेलमध्ये हेच वाक्य लिहिलं आणि उत्तरात तिला विचारणा झाली की कॉलबद्दल काही तक्रार आहे का. ती बिचारी भावाच्या लग्नाला चालली होती!

यावर उपाय आपल्याच बोलण्यात आहे. ‘येणार नाही’ऐवजी मनात “मी सोमवारी येत नाहीये” म्हणा. त्याचं सरळ “आय ॲम नॉट कमिंग ऑन मंडे” होतं, आणि ते नुसती माहिती देतं. ईमेलमध्ये याहून मऊ हवं असेल तर “आय वोन्ट बी एबल टू जॉइन” किंवा “आय'ल बी ऑन लीव्ह ऑन मंडे”. ‘वोन्ट’च्या पुढे ‘बी एबल टू’ आलं की हट्टाचा सूर निघून जातो, कारण मग प्रश्न इच्छेचा राहत नाही, जमण्याचा होतो.

प्रश्न विचारतानाही हाच धागा आहे. “विल यू कम टू द ऑफिस टुमॉरो?” ही बऱ्याचदा विनंती ठरते: याल का? “आर यू कमिंग टुमॉरो?” म्हणजे येताय का, काय ठरलंय? आणि “विल यू बी कमिंग टुमॉरो?” हे सगळ्यात अदबीचं, कारण त्यात समोरच्यावर काही टाकलेलं नाही, त्याचा दिवस जसा जाणार आहे तसा जाऊ दे, मला फक्त कळू दे. वरिष्ठांना त्यांचा बेत विचारायचा असेल तर मी हेच वापरायला सांगते. काही जण आपल्याकडच्या “आय विल बी जॉइनिंग”, “आय विल बी शेअरिंग” या लकबींना चूक म्हणतात. मला ते मान्य नाही. ओघाने होणारी गोष्ट सांगायला ते रूप चांगलं आहे. प्रत्येक वाक्यात आलं की कंटाळवाणं होतं, इतकंच.

तुमच्या प्रश्नात नव्हतं, पण याच्याशीच निगडित आहे ते ‘व्हेन’ आणि ‘इफ’. “व्हेन ही विल कम, आय विल टेल यू” हे मी दर आठवड्याला दुरुस्त करते. नियम सगळ्यांना पाठ असतो की ‘व्हेन’ आणि ‘इफ’नंतर ‘विल’ नको, पण मग “आय डोन्ट नो व्हेन ही विल कम” हे बरोबर कसं, यावर गाडी अडते. मराठीत विचार केलात तर अडणार नाही. आपण घरात “जेव्हा तो येईल तेव्हा मी सांगेन” असं बोलत नाही. ते पुस्तकातलं मराठी. आपण म्हणतो, “तो आला की सांगते.” ‘आला’ दिसायला भूतकाळ, ‘सांगते’ दिसायला वर्तमानकाळ, आणि अर्थ दोन्हीकडे उद्याचा. “पाऊस आला तर ट्रेक रद्द करू.” “पोचल्यावर फोन करते.” ‘आला की’, ‘आला तर’, ‘पोचल्यावर’ यांत मराठीही भविष्यकाळ घालत नाही. तिथे इंग्रजीतही ‘विल’ घालायचं नाही: “आय'ल टेल यू व्हेन ही कम्स”, “इफ इट रेन्स, वी'ल कॅन्सल”, “आय'ल कॉल व्हेन आय गेट देअर”.

पण “तो कधी येईल माहीत नाही” किंवा “पाऊस पडेल की नाही कोण जाणे” म्हणताना मराठीत भविष्यकाळ येतो. तिथे इंग्रजीतही ‘विल’ राहतं: “आय डोन्ट नो व्हेन ही'ल कम”, “आय डोन्ट नो इफ इट'ल रेन”. म्हणजे मराठीत ‘कधी’ किंवा ‘की नाही’ असेल तर ‘विल’ ठेवा. ‘आला की’, ‘आला तर’ असेल तर काढा. ‘येईपर्यंत’ या शब्दात ‘येई’ दिसतं म्हणून फसू नका, तिथेही ‘अन्टिल ही कम्स’च.

वेळापत्रकाचं सोपं आहे. डेक्कन क्वीन १ जून १९३० पासून धावतेय आणि सकाळी ७.१५ला पुण्याहून सुटते. आपण ‘उद्या सुटेल’ म्हणत नाही, ‘सुटते’ म्हणतो. इंग्रजीत “द डेक्कन क्वीन लीव्ह्ज ॲट सेव्हन फिफ्टीन”. बालगंधर्वला रात्री साडेनऊचा प्रयोग असेल तर “द प्ले स्टार्ट्स ॲट नाइन थर्टी”. पालखी आळंदीहून निघते तेही असंच. पण त्या गाडीने तुम्ही जाणार असाल तर “आय ॲम टेकिंग द डेक्कन क्वीन टुमॉरो”, कारण गाडीचं वेळापत्रक रेल्वेचं आणि बेत तुमचा. “मी उद्या मुंबईत आहे” हे मात्र जसंच्या तसं जातं: “आय ॲम इन मुंबई टुमॉरो.”

शॅलबद्दल. ‘आय शॅल, यू विल’ हा पाठ आपल्यापर्यंत कुठून आला, तर जॉन वॉलिस या ऑक्सफर्डच्या गणितज्ञाने १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात तो मांडला होता. अनंताचं आडवं आठासारखं चिन्ह वापरात आणणारा हाच. रोजच्या बोलण्यात आज तो नियम कोणी पाळत नाही. पण ‘शॅल’ टाकूनही देऊ नका, कारण मराठीतली एक फार गोड गोष्ट इंग्रजीत फक्त त्यालाच जमते: “खिडकी उघडू का?” “शॅल आय ओपन द विंडो?” आणि “निघू या का?” “शॅल वी गो?” इथे ‘विल आय’ म्हणालात तर काहीच अर्थ लागणार नाही.

शेवटचं, अगदी आपल्या घरातलं. निघताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. ते बरोबर आहे आणि तसंच म्हणत राहावं. पण चहा आणायला उठताना कॉलवर “आय ॲम कमिंग” म्हणालात तर पलीकडचे लोक गोंधळतील, कारण त्यांच्या दृष्टीने तुम्ही चाललात. तिथे “आय'ल बी राइट बॅक”. आणि कोणी वाट बघत असताना आपण जे “आलेच!” म्हणतो, तेव्हा खुशाल “आय ॲम कमिंग!” म्हणा. तिथे ते अगदी चपखल बसतं.

तुमच्या लंडनच्या ईमेलचं म्हणाल, तर तुमच्या जागी मी असं लिहीन: “आय ॲम फ्लाइंग टू लंडन ऑन द थर्ड अँड आय ॲम मीटिंग द टीम ऑन द फोर्थ. आय ॲम गोइंग टू ब्रिंग द न्यू डिझाइन्स विथ मी. आय'ल कॉल यू व्हेन आय लँड.” पहिल्या वाक्यात तिकीट आणि ठरलेली भेट, दुसऱ्यात तुमच्या मनातला बेत, तिसऱ्यात वचन. आणि ‘लँड’च्या आधी ‘विल’ नाही, कारण मराठीत तुम्ही ‘उतरले की फोन करते’ असंच म्हणाल.